जिन्यातून येणारा आवाज

त्या इमारतीत घड्याळ नसतं तरी चाललं असतं. संध्याकाळी छापखाना सुटला की भोंगा जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायचा आणि तिथूनच ओरडायचा, "दार उघड गं, मी आलो!" पहिल्या मजल्यावरची आजी त्या आवाजावर रक्तदाबाची गोळी घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई शिकवणीची मुलं सोडायच्या. आणि तिसऱ्या मजल्यावर त्याची बायको शिलाई मशीनवरून उठायची, सुई पडद्याच्या कापडात होती तशीच ठेवून, आणि जाऊन कडी काढायची. तो धापा टाकत वर पोचेपर्यंत दार उघडं असायचं. बेल होती त्या घराला, पण ती परक्यांसाठी.

भोंगा हे नाव त्याला छापखान्यात मिळालं. तिथल्या मोठ्या मशीनशेजारी उभं राहिलं की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. त्या खडखडाटात त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि तिथला आवाज रोज डब्यासोबत घरी आणला. जेवताना "मीठ दे" म्हणाला तरी खालच्या मजल्याला कळायचं. एकदा तर मास्तरीणबाई खरोखरच वाटीत मीठ घेऊन वर आल्या होत्या, तोंड अगदी गंभीर करून. भोंगा इतका हसला की त्या हसण्याने समोरच्या घरातलं बाळ जागं झालं.

बायकोचा स्वभाव याच्या उलट. माहेरी वर्षानुवर्षं वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे पाय न वाजवता चालायचं आणि ओठांच्या आतच बोलायचं हे तिला लहानपणीच अंगवळणी पडलेलं. लग्नानंतर तिच्या तोंडात एकच शब्द कायमचा बसला. हळू. अहो, हळू. हळू बोला, भिंतीला कान असतात. यावर त्याचं उत्तर ठरलेलं: असतात ना, पण आपल्या भिंतीचे केव्हाच फुटले असतील. तो तिला हळूबाई म्हणायचा. पुढे पुढे सगळी इमारत म्हणायला लागली, अर्थात तिच्या पाठीमागे. तिला ते माहीत होतं. ती पडदे शिवायची, दुकानदारांची जाड जाड कापडं घरी आणून, आणि आपल्या कामाचं तिला मनातून हसू यायचं. दुसऱ्यांच्या घरातला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती पडदे शिवत होती, आणि स्वतःच्या घरी ही तऱ्हा.

आधी त्याचा आवाज बसला. पडसं असेल म्हणून दोघांनी सोडून दिलं. मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल, मग गळ्याला किरणांचा शेक. शेकाने आवाज थोडा सुटला, घोगरा का होईना पण ओरडण्याइतका, आणि तो पुन्हा जिन्यातून हाका मारायला लागला. पण आजार परतून आला. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं की आता स्वरपेटीच काढावी लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. गळ्याला एक भोक असेल, श्वास तिथून घ्यायचा.

भोंग्याने डॉक्टरांना विचारलं, कुजबूज तरी करता येईल का. डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा त्याने बायकोकडे बघितलं आणि तिला वाटलं, हा आता काहीतरी विनोद करणार. पण त्याने केला नाही.

त्या हॉस्पिटलात ऑपरेशननंतरच्या रोग्यांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे आवाजाच्या बाई म्हणत. त्यांनी या दोघांना खुर्चीवर बसवून समजावलं. ऑपरेशनच्या आधी रोजची वाक्यं मोबाइलमध्ये भरून ठेवायची. चहा टाक, दार उघड, मी जरा खाली जातो, असली. मग एकेका वाक्याचं एकेक बटण करता येतं, दाबलं की माणूस आपल्याच आवाजात बोलतो. पण मोबाइलचा स्वतःचा माइक वापरू नका, तो खोलीतलं सगळं गोळा करतो. कॉलरला लावायचा छोटा माइक मिळतो, त्याची पिन मोबाइलमध्ये खोचायची. खोली बंद ठेवा, भोवती जाड कपडे लावा. आणि काका, ओरडू नका. तोंडाशी माइक असताना ओरडलं की आवाज फाटतो.

"बाई, मी हळू बोलायला लागलो तर ही मला ओळखायचीच नाही," भोंगा म्हणाला. आवाजाच्या बाई हसल्या. हळूबाईही हसली.

माइक घ्यायला ते कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. फोन हळूबाईचा होता, कारण भोंग्याच्या फोनची काच तडकलेली आणि त्याच्या जाड बोटांना तो तसाही दाद देत नसे. दुकानदाराने माइकचा चिमटा भोंग्याच्या कॉलरला लावला, लांबलचक काळी वायर मोकळी केली आणि पिन फोनमध्ये खोचली. वहिनी, इकडे बघा, तो म्हणाला. वर हे हेडफोनचं बारीक चिन्ह आलं की समजायचं, पिन लागली. मग हा लाल ठिपका दाबायचा. आधी चिन्ह, मग ठिपका. हळूबाईने मान हलवली. चष्मा घरी होता. लाल ठिपका तिला दिसला.

काका, बोला काहीतरी, दुकानदार म्हणाला. भोंग्याने मान खाली घालून कॉलरवर झुरळ बसल्यासारखं त्या माइककडे पाहिलं.

"काय बोलू?"

दुकानदाराने ते लगेच लावून दाखवलं. रस्त्यावर गाड्यांची एवढी वर्दळ, पण त्यातलं काहीच त्यात नव्हतं. होता तो फक्त भोंगा, आणि इतका जवळ की हळूबाईने दचकून कानाला हात लावला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज तिने नेहमी लांबूनच ऐकला होता. जिन्यातून, न्हाणीघरातून, गर्दीच्या पलीकडून. तो कानाशी कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. दूरच्या गावी नोकरी करणारी, ऑपरेशनसाठी रजा काढून आलेली. तिने आईचा फोन उघडाबोडका पाहिला आणि कपाळावर हात मारला. आई, हा हातातून पडला तर बाबांचं सगळं जाईल. संध्याकाळी ती रबराचं जाडजूड कव्हर घेऊन आली. कव्हराला पिनसाठी भोक होतं, जरा अरुंद. माइकची पिन त्यातून आत गेली आणि बसल्यासारखी वाटली. कुणी ओढून बघितलं नाही.

आतल्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्यामध्ये त्यांनी एक गुहा केली. कपडे वाळत घालायच्या घोडीवर रजया टाकल्या, त्यावर हळूबाईकडचं पडद्यांचं जाड अस्तर. भोंगा आत जमिनीवर मांडी घालून बसला. पण बायको समोर बसली की त्याला सुचेना. तू अशी बघत बसलीस तर मला भाषण केल्यासारखं वाटतं, असं म्हणाला. मग ठरलं की त्याने माइक लावून आत बसायचं, दार लावायचं, वायर दाराखालून बाहेर काढायची आणि फोन बाहेर स्टुलावर ठेवून बटणाचं हळूबाईने बघायचं. वायर पुरली. सगळ्यांना ती युक्ती फार आवडली.

पहिल्याच दिवशी लाल ठिपका पेटला आणि आतून आरोळी आली, "दार उघड गं, मी आलो!" ती पुरी व्हायच्या आतच हळूबाईने दारावर थाप मारली. अहो, हळू. माइक आहे ना गळ्याशी.

आतला आवाज खाली आला. मग आणखी खाली. आयुष्यात पहिल्यांदाच भोंग्याने तिचं ऐकलं.

असे काही दिवस गेले. तो आत बोलायचा, ती बाहेर हात चालू ठेवायची. पडद्याची किनार दुमडायची, कपडे घडी करायची. लाल ठिपका पेटलेला असे, आकडे पळत असत, म्हणजे सगळं व्यवस्थित. एकदा तिने विचारलं, लावून बघू या का, कसं आलंय ते. तो म्हणाला, "मी आहे ना अजून. मरायच्या आधीच माझा फोटो भिंतीवर लावतेस काय?" तिने पुन्हा विषय काढला नाही.

हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो स्वतःहून गुहेत शिरायला निघाला, आणि दाराशी थांबला.

"आजचं तुझ्यासाठी आहे. आत्ता कान देऊ नकोस. माझा आवाज गेला की मग ऐक."

त्याने दार लावून घेतलं. तिने ठिपका दाबला, फोन स्टुलावर ठेवला आणि कान द्यायचा नाही म्हणून मटार सोलायला घेतले. थोड्या वेळाने मुलगी येऊन शेजारी बसली. आत बराच वेळ तो बोलत होता. बाहेर आला तेव्हा घामाने चिंब होता, डोळे लाल होते आणि माइक कॉलरवरून लोंबत होता. झालं एकदाचं, म्हणाला. मग पातेल्यातले मूठभर कच्चे दाणे तोंडात टाकून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ऑपरेशन नीट झालं. भोंगा शुद्धीवर आला, हाताने पाटी मागितली आणि तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत पहिला शब्द लिहिला तो पाण्यासाठी नव्हता, दुखतंय असाही नव्हता. त्याने लिहिलं, "ऐकलंस?"

तिने ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलच्या धावपळीत वेळ कुठला? पण इतक्या आशेने बघणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आज दुपारी घरी गेलं की ऐकायचंच आहे, मग एका दुपारपुरतं खोटं ते काय, असा विचार करून ती हो म्हणाली. त्याने डोळे मिटले. तिचा हात धरून ठेवला. गळ्याच्या भोकातून श्वासाची बारीक शीळ येत होती, आणि ती शीळ हळूहळू संथ झाली.

घरी येऊन तिने खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. पलंगाच्या कडेला बसून इयरफोन कानात घातले. आणि तिला मटार ऐकू आले.

एक शेंग फुटली. दाणे पातेल्यात पडले, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. पुन्हा शेंग, पुन्हा गारा. मग अगदी कानाशी कुणीतरी गुणगुणायला लागलं. तिला वाटलं, भलतंच काहीतरी लागलं. मग तिने ओळखलं. ती स्वतःच होती. तो आत बसून आपला आवाज तिच्या स्वाधीन करत होता आणि ती बाहेर गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याच्या मागे, फार मागे, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं काहीतरी चाललं होतं. स्वर कळत होता, शब्द नाही. आवाज त्याचाच होता, शंका नव्हती. फक्त तो हळू बोलत होता.

मग पावलं, आणि मुलीचा रडवेला स्वर. आई, बाबांचा आवाज गेल्यावर घर कसं होईल गं? आणि लगेच, कान फाटेल इतक्या जवळून, तिचा स्वतःचा:

"कसं होईल? शांत होईल. लग्न झाल्यापासून वाट बघतेय मी."

मग हसू. आधी मुलीचं, मग तिचं. नाक ओढल्याचा आवाज. पुन्हा मटार.

ते वाक्य तिला आठवत होतं. मुलीचं रडं थांबावं म्हणून ती बोलली होती आणि रडं थांबलंही होतं. पण ते निव्वळ खोटं होतं असं तिला आता छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

पुढे एका जागी दूध उतू जाईल म्हणून ती उठली होती. स्टुलाजवळ कुणीच नाही, शेंगा नाहीत, गुणगुणणं नाही. तेवढ्या फटीतून तळाचा आवाज वर आला, धूसर पण स्पष्ट: "...तू दार उघडायचीस ना, तेव्हा मला दर वेळी..." आणि तिची पावलं परत आली. स्टूल सरकलं. गुणगुण सुरू झाली.

तिने बाकीचे दिवसही लावून पाहिले. सगळीकडे तीच. कात्रीची कचकच, कपडे झटकल्याचा फटका, तिचे उसासे, आणि मधूनमधून दारावर थाप मारून म्हटलेलं "हळू". पहिल्या दिवशीची ती आरोळी तेवढी दारातून बाहेर आली होती, तीही तिने निम्म्यात तोडलेली.

दुकानदाराने फोन हातात घेतला, कव्हर सोलून काढलं आणि त्याला सगळं कळलं. वहिनी, पिन आत गेलीच नव्हती. माइकच्या पिनचं बूड इयरफोनपेक्षा जाड आहे, हे कव्हर मध्ये येतंय. पिन लागली नाही की फोन गपचूप आपलाच माइक वापरतो, सांगत नाही. ते चिन्ह आलं होतं का वर? तिने विचारलं, माझा आवाज पुसून त्यांचा तेवढा ठेवता येईल का. त्याने खरंच बराच वेळ खटपट केली. मग मान हलवली.

"तुमचा पुसला की त्यांचाही पुसला जातो. दोन्ही एकात एक बसलेत."

त्याच संध्याकाळी ती मशीनवर बसली होती, पायाला काहीतरी काम हवं म्हणून, आणि जिन्यातून हाक आली. दार उघड गं. तिने सुई कापडात सोडली, जाऊन कडी काढली. जिना रिकामा होता. भोंगा हॉस्पिटलात झोपलेला होता आणि त्याच्याकडे हाक मारायला काही उरलेलं नव्हतं. ती कठड्यावरून वाकली, तर खालच्या मजल्यावर मास्तरीणबाई आपल्या दारात उभ्या. शिकवणीची मुलं चपला घालत होती.

मला वाटलं..., मास्तरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मलाही, हळूबाई म्हणाली. दोघींनी दारं लावून घेतली. त्यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

भोंगा घरी आला. घर खरोखरच शांत झालं. इतकं की फ्रिज सुरू झाला की ती दचकायची. शेजारीपाजारी भेटायला येत ते तिच्यासारखेच बोलत, ओठांच्या आत, जणू आवाज जाणं हा संसर्गाचा रोग आहे. तो मात्र बदलला होता. मऊ झाला होता. ती शिवत असली की समोर येऊन बसायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा. मनावरचं ओझं एकदा उतरवून टाकलेला आणि समोरच्याने ते उचललंय अशी खात्री असलेला माणूस बघतो, तसं. कधी फोनकडे बोट दाखवायचा, मग दाराकडे, आणि हसायचा. ती पण हसायची. कशाला, ते तिला माहीत नव्हतं.

तो आंघोळीला गेला की ती कपाटाशी उभी राहून इयरफोन घालायची. त्या फटीपाशी यायची. तू दार उघडायचीस ना, तेव्हा मला दर वेळी. दर वेळी काय? बरं वाटायचं? की गुदमरायला व्हायचं? ती डोळे मिटून पुढचं ऐकू बघायची आणि पुढे तिची स्वतःची गुणगुण यायची, निर्लज्ज, तालात.

एका दुपारी त्याने पाटी तिच्या पुढ्यात धरली.

"राग नाही ना आला?"

तिच्या हातातली कात्री थांबली. आत्ता सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे का ऐकू आलं नाही तेही सांगायचं, आणि मग मटार, आणि मग ते वाक्य. तिने मान हलवली. नाही. त्याने बाहीने पाटी पुसली, मग त्याच बाहीने डोळे पुसले, आणि गालावर खडूचा पांढरा फराटा घेऊन तो बसून राहिला.

म्हणजे राग येण्यासारखं काहीतरी होतं. तिने त्याला माफ केलं होतं आणि कशाबद्दल ते तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून ती आपला संसार उलटा उसवत बसली. तो छापखान्यातून उशिरा यायचा ते दिवस. मुलीच्या वेळी ती माहेरी होती ते महिने. कुठला टाका सैल होता? चांगल्या चांगल्या आठवणींनाही ती उजेडात धरून बघायला लागली आणि धरली की प्रत्येकीत भोक दिसायचं. एकदा तर तिला वाटलं, तो मेला असता तर हे कोडं तरी त्याच्याबरोबर गेलं असतं. आणि असं वाटलं म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली, कितीतरी वेळ.

जखम भरली तशी मुलगी पुन्हा आली, बाबांसाठी नवा फोन घेऊन. आई, तुझ्या फोनमधली वाक्यं दे, आज बटणं करून टाकू. हळूबाई आज करू, उद्या करू म्हणत राहिली. फोन सापडत नाही म्हणाली, मग चार्जिंग नाही म्हणाली. मुलीने फोन शोधून काढला, तो पडद्यांच्या गठ्ठ्याखाली निघाला. भोंगा लहान मुलासारखा तिच्या शेजारी जाऊन बसला आणि मुलीने सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात शेवटचं, ते मोठ्या आवाजात लावलं.

शेंग फुटली. गारा पडल्या.

बंद कर, हळूबाई म्हणाली, पण नेहमीसारखं, ओठांच्या आत. मुलगी गोंधळून फोनकडे बघत होती. तेवढ्यात तिचा स्वतःचा रडका प्रश्न आला आणि पाठोपाठ आईचं उत्तर, सगळ्या खोलीभर. शांत होईल. लग्न झाल्यापासून वाट बघतेय मी. मुलीचा हात तोंडावर गेला. भोंग्याने तो फोन तिच्याकडून काढून घेतला आणि कानाजवळ धरून शेवटपर्यंत ऐकला. आपलाच तो तळाचा आवाज, शब्द नसलेला.

मग त्याचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गळ्याच्या भोकातून हवेचे झटके. हळूबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तो हसत होता की रडत होता ते तिला कळेना. हे आवाजावरून कळतं, तोंडावरून नाही, हे तिला तोवर माहीत नव्हतं. तिने मुलीकडे पाहिलं. मुलीलाही कळत नव्हतं.

"मी काहीच ऐकलेलं नाही," हळूबाई म्हणाली. खालच्या मजल्यावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "तुम्हाला हो म्हटलं ते खोटं होतं. आता लिहा. काय असेल ते लिहा."

तिने पाटी त्याच्या मांडीवर ठेवली, खडू हातात दिला. खांदे थांबले होते. त्याने खडू पाटीला टेकवला. एक पांढरा ठिपका उमटला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि ठिपका तेवढाच राहिला. मग त्याने खडू खाली ठेवला, तिचा फोन उचलला आणि जाड अंगठ्याने शोधत शोधत सगळ्यात खाली गेला, दुकानातल्या त्या पहिल्या दिवसापर्यंत. आवाज पूर्ण वाढवला आणि दाबलं.

"काय बोलू?"

इतका जवळचा, इतका भरदार आवाज, की मुलीने चमकून बापाच्या तोंडाकडे बघितलं. तोंड बंद होतं.

पुन्हा तिने विचारलं नाही असं नाही. तो पाटी घ्यायचा, दूध आणायचंय असं काहीतरी लिहायचा. त्या दिवशी त्याला राग आला होता, की गंमत वाटली होती, की एकदा निसटलेलं पुन्हा हाताला लागलं नव्हतं, हे तिला आजही सांगता येणार नाही. मुलीने जाताना त्याच्या नव्या फोनवर एकच बटण करून दिलं, कारण बटण करण्यासारखं वाक्य एकच होतं. ते तो सगळ्याला वापरतो. दूधवाल्याला, बँकेतल्या बाईला, मुलीच्या फोनला. आतल्या खोलीत बसून उगाच दाबतो, आणि स्वयंपाकघरातून हळूबाईच्या तोंडून "काय?" निघून जातं, आणि मग तिच्या लक्षात येतं.

संध्याकाळी तो फिरून येतो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबतो, फोन वर धरतो आणि आवाज जिन्यातून चढत जातो. काय बोलू? आजी गोळी घेते. मास्तरीणबाई मुलं सोडतात. हळूबाई सुई कापडात सोडून उठते, कडी काढते आणि दारात उभी राहते.

त्याला वर यायला आता वेळ लागतो. आधी शीळ येते, मग तो. शेवटच्या वळणावर मान वर करून तो तिच्याकडे बघतो, दर वेळी तिथंच, दर वेळी तसंच. ती कडीवरचा हात काढत नाही. तू दार उघडायचीस ना, तेव्हा मला दर वेळी. ती त्याच्या ओठांकडे बघत थांबते. ओठ हलत नाहीत. मग तो तिच्या बाजूने आत जातो, आणि ती आणखी थोडा वेळ रिकाम्या जिन्याकडे तोंड करून उभी राहते.